खाण तशी माती, की खाणं तशी माती?

माणदेशी_पोर | शनिवार, रात्री ११:४०

राम राम मंडळी. पाचेक वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात ऑफिसात तपासणी शिबिर होतं. फुकट आहे म्हणून आणि शेजारच्या टेबलवाला ओढत होता म्हणून रांगेत उभा राहिलो. वय ३२, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६१ किलो. दंड काड्यांसारखे, पोट मात्र शर्टाच्या चौथ्या बटणापाशी जरा डोकावतं. रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१. हा आकडा ५.७ ला पोचला की मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ ला पोचला की घरात, असं शिबिरात सांगितलं. म्हणजे मी सध्या चपला काढून दारात उभा आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाला?" म्हटलं, आईला, एकेचाळिसाव्या वर्षी निघाली. त्यांनी कागदावर 'आनुवंशिक' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

बसमध्ये बसून हिशेब लावला तर तो लागेना. आई ४४ किलोची, जन्मात कधी जाड नव्हती. तिची आई, म्हणजे माझी आजी, माण तालुक्यात गावी असते. सत्तरी ओलांडलीय, अजून शेळ्यांमागे जाते, चहात दोन चमचे साखर घेते, आणि मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या आधी तपासली तर साखर एकदम नॉर्मल. आजोबांना शेवटच्या आजारपणातही नव्हती. मग आईला ही देणगी दिली कोणी? खाण तशी माती म्हणतात. इथे खाण कोरडी आणि माती गोड.

'रक्तात आहे' म्हणजे नक्की काय असतं? आणि रक्तात नसेल तर परिस्थिती आत शिरते कुठून? जाणकारांनी सांगावं. घरगुती उपाय नकोत, मेथ्या भिजत घातलेल्याच आहेत.

चहाटळ | रविवार, सकाळी ७:१५

वाचतोय. बारीक माणसांनाही साखर होते हे वाचून माझ्यासारख्या गोलमटोल माणसाला जे समाधान वाटलं त्याबद्दल क्षमस्व.

अवांतर: मेथ्यांच्या पाण्याने आमच्या सासऱ्यांची साखर हलली नाही, फक्त त्यांच्या शेजारी कोणी बसेनासं झालं.

पांढरा_कोट | रविवार, सकाळी १०:०२

धागाकर्ते, रागावू नका, पण तुम्ही बारीक नाही. तुम्ही बारीक दिसणारे जाड गृहस्थ आहात. दंड काड्यांसारखे आणि पोट डोकावतं हे तुम्हीच लिहिलंत, त्यातच निम्मं निदान आलं. काट्याला हाड, स्नायू, चरबी सगळं सारखंच.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक मजेदार फोटो छापून आला होता. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) अगदी सारखा, २२.३. यंत्राने अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. तक्त्यात दोघंही एकाच रकान्यात बसतात!

आता तुम्ही म्हणाल, चहा-खारी आणि खुर्ची, दुसरं काय. काही अंशी हो. पण याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांना लग्नानंतर, दिवस राहायच्याही आधीपासून मोजायला सुरुवात केली. सरासरी वजन जेमतेम ४२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची निघाली. इंग्लंडात साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आता हे आठशे ग्रॅम कापले कुठून, हे बघण्यासारखं आहे. गावातल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, डोकं लहान, लांबी कमी. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत कातडी धरून मोजली तर तिथली चरबी मात्र जवळजवळ जशीच्या तशी. नाळेच्या रक्तातलं इन्सुलिनही गोऱ्या बाळांपेक्षा जास्त होतं. म्हणजे तुमचा जो बांधा तुम्ही वर्णन केलात, तो पाळण्यातच तयार होता. खारी नंतर आली.

एक विचारतो. आईचा जन्म कुठला आणि कोणत्या साली?

आकडेमोड | रविवार, दुपारी १२:३०

थांबा जरा. धागा 'सगळं परिस्थितीमुळेच' या उतारावर घरंगळायच्या आत पाचर मारून ठेवतो.

जनुकांचा हात आहेच. २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातला एक फरक शोधला. त्याची एक प्रत असेल तर या मधुमेहाचा धोका साधारण दीडपट, दोन असतील तर दुपटीहून जास्त. त्यानंतर असे शेकडो बारीकसारीक फरक सापडलेत. आजी-आजोबांना साखर नव्हती म्हणून त्यांच्याकडे ही जनुकं नव्हती असं ठरत नाही. थोडे पत्ते एकाच्या हातात, थोडे दुसरीच्या, डाव आईच्या हातात लागला. शिवाय आजी शेळ्यांमागे रोज किती किलोमीटर चालते ते मोजलंय का?

दुसरं, 'किती टक्के आनुवंशिक' हा आकडा लोक हमखास चुकीचा वाचतात. उंची ८० टक्के आनुवंशिक म्हणजे तुमच्या पाच फूट सहापैकी साडेचार फूट आई-बापाचे आणि वरचा फूटभर दुधाचा, असं नसतं. एकाच पोत्यातली ज्वारी एका सारख्या काळ्या रानात पेरली, तर ताटांच्या उंचीत जो फरक पडेल तो बहुतेक बियाण्याचा. तीच ज्वारी मुरमाड रानात पेरली तर तिथेही ताटाताटांतला फरक बियाण्याचाच असेल, पण सगळं रानच गुडघ्याएवढं राहील. टक्केवारी फक्त रानाच्या आतल्या फरकाबद्दल बोलते. दोन रानांमधल्या फरकाबद्दल ती गप्प असते.

आणि हो, 'काटकसरी जनुक' ही कल्पना जेम्स नील यांनी १९६२ साली मांडली: दुष्काळांत तगून राहिलेल्या माणसांकडे साठवण करणारी जनुकं उरली आणि सुगीत तीच उलटली. ऐकायला छान आहे. तसं एखादं ठळक जनुक मात्र अजून कोणाच्या हाती लागलेलं नाही.

माणदेशी_पोर | रविवार, रात्री ९:१०

@पांढरा_कोट, आईची जन्मतारीख दाखल्यावर १ जून १९७३. आमच्या गावात त्या पिढीचा प्रत्येक माणूस १ जूनला जन्मलाय, मास्तरांची कृपा. आजी सांगते त्यावरून होळीच्या मागेपुढे झाली असावी. जन्म माणमधलाच. आजीचं एक वाक्य ठरलेलं आहे, "तुझी आई मिलोवर झालीया."

लहानपणी मला मिलो म्हणजे गावाचं नाव वाटायचं.

पांढरा_कोट | रविवार, रात्री ९:४८

वाटलंच होतं मला. नव्या पोरांसाठी सांगतो: बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी संपली तेव्हा रेशनवर अमेरिकेतली तांबडी मिलो ज्वारी यायची. भाकरी थापता थापता तुटायची. सुकडी नावाचा कोरडा खाऊ वाटायचे. आणि सरकारी दुष्काळी कामं निघाली: खडी फोडणं, रस्ते, बांधबंदिस्ती, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं या कामांवर होती. त्यात बायका मोठ्या संख्येने, आणि त्यातल्या कितीतरी पोटुशा.

आई होळीच्या सुमाराची असेल तर आजीला दिवस राहिले ते बहात्तरच्या जूनच्या आसपास. म्हणजे पाऊस दगा देऊन गेला तिथपासून ऐन टंचाईपर्यंतचे नऊ महिने.

आता एक गोष्ट सांगतो, ती वाचून जरा वेळ गप्प बसा. मुलगी आईच्या पोटात पाचेक महिन्यांची होईपर्यंत तिच्या आयुष्यभराची सगळी स्त्रीबीजं तिच्या बीजांडकोशात तयार झालेली असतात. नंतर कमी होत जातात, नवी भर पडत नाही. म्हणजे तुम्ही ज्या बीजापासून झालात ते बहात्तरच्या दिवाळीच्या सुमारास तुमच्या आईच्या अंगात होतं आणि तुमची आई आजीच्या पोटात.

याचा अर्थ तुमची ६.१ बहात्तरमुळे आली असं मी म्हणत नाही. एका घरावरून काही सिद्ध होत नसतं.

ट्यूलिप_गल्ली | सोमवार, रात्री १:२०

आम्स्टेलवेनहून. उशिरा लिहितोय, पण हे वाचून राहवलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे आजोबा १९४५ सालचे. त्यांच्याकडे वाढदिवसाला ताटात केक उरलेला चालत नाही. चुकून कोणी टाकला तर स्वतः उचलून खातात. इथे त्या पिढीला कारण विचारावं लागत नाही. ४४-४५ चा हिवाळा म्हणजे 'होंगरविंटर', भुकेचा हिवाळा. जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, आणि आम्स्टरडॅमसारख्या शहरात माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्या खाली, मग चारशे-आठशेवर आलं. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. मे ४५ मध्ये सुटका झाली आणि काही आठवड्यांत पोटं भरली.

दुर्दैवाने म्हणा किंवा डच लोकांच्या नोंदी ठेवायच्या खोडीने म्हणा, हा एक प्रयोगच झाला. उपासमार कधी सुरू झाली आणि कधी संपली ते माहीत, बायकांच्या प्रसूतीचे कागद इस्पितळात जपलेले. त्यामुळे कोण पोटात असताना कितव्या महिन्यात भूक पडली ते सांगता येतं. शेवटच्या महिन्यांत पडली ती बाळं लहान जन्मली. अगदी सुरुवातीच्या महिन्यांत पडली, त्यांची वजनं जन्मताना चांगली नॉर्मल होती, आईला नंतर खायला मिळालं होतं ना. पण पन्नाशीत तपासलं तेव्हा हृदयविकार त्यांच्यातच जास्त दिसला. मधल्या आणि शेवटच्या महिन्यांतल्यांची साखर जास्त बिघडलेली.

२००८ मध्ये अजून एक अभ्यास आला. भुकेच्या काळात गर्भ राहिला त्यांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली. वाढीशी संबंधित आयजीएफ२ या जनुकावर ज्या रासायनिक खुणा असतात, त्या या लोकांत साठ वर्षांनंतरही कमी होत्या. जनुक तेच. भजनाची वही तीच, पण कुठल्या पानाला दुमड घातलीय ते बदललेलं.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ९:०५

उत्तम प्रतिसाद. फक्त एक: दुमड दिसली म्हणून त्या दुमडीनेच साखर वाढवली असं म्हणता येत नाही. जनुकांवरच्या अशा खुणांच्या अभ्यासाला 'एपिजेनेटिक्स' म्हणतात, आणि हल्ली प्रत्येक दुकानात त्या नावाचं लेबल लावलेली बरणी मिळते.

गर्भतेज | सोमवार, सकाळी ११:४०

हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतंच. अभिमन्यू आईच्या पोटात चक्रव्यूह शिकला. म्हणूनच गर्भसंस्काराचे श्लोक रोज सकाळी

चहाटळ | सोमवार, सकाळी ११:५२

अभिमन्यू अर्धंच शिकला आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे चला.

मीच_का | सोमवार, दुपारी ३:३०

दोन दिवस वाचतेय आणि माझं डोकं तापत चाललंय.

आधी मूल काळं झालं तर आईने लोखंडाची गोळी घेतली म्हणून. मूल रडकं झालं तर ती पोटुशी असताना रडली म्हणून. मुलगी झाली तर अर्थातच तिच्यामुळे. आणि आता पन्नास वर्षांनी नातवाची साखर वाढली तर त्याचं मूळही आजीच्या पोटात! तुमच्या या सगळ्या लांबलचक प्रतिसादांत बाप नावाचा प्राणी एकदाही आला नाहीये. तो फक्त अर्धी जनुकं देऊन पारावर जाऊन बसला का?

मला माझ्या वेळचं आठवतं. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी 'बाळाचं वजन कमी आहे, आई खात नाही का?' असं नवऱ्याला विचारलं, मला नाही. मी समोर बसले होते. घरात जेवायला शेवटची बसणारी मी, भाजीचं पातेलं पुसून घेणारी मी, आणि खात नाही म्हणून आरोपीही मीच.

पांढरा_कोट | सोमवार, रात्री ८:१५

मीच_का, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आणि माझ्यासारख्यांच्या लिहिण्याची ही खोड आहे, कबूल. 'आईच्या पोटात' असं लिहिलं की लोक 'आईमुळे' असं वाचतात.

पण त्याच सहा गावांतल्या अभ्यासातलं पुढचं ऐका, कारण ते तुमच्या पातेल्याबद्दलच आहे. त्या बायका गरोदरपणी दिवसाला जेमतेम १,७५० कॅलरी खात होत्या. अपेक्षा अशी की जी जास्त कॅलरी खाईल तिचं बाळ मोठं. तसं निघालं नाही. बाळाच्या वजनाशी संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा ताटात येतं याचा. म्हणजे प्रश्न पोट भरण्याचा नव्हता, भाकरीबरोबर काय लागतं याचा होता. आणि दुसरा संबंध दिसला कष्टांशी. शेतातलं आणि घरचं काम, पाणी आणणं हे सगळं धरून जिचा भार जास्त, तिचं बाळ लहान. नळ कोणाच्या दारात आहे ही पंचायतीतली बाब आणि बाळाचे स्नायू ही गर्भातली, या दोघांची भेट बाईच्या डोक्यावरच्या हंड्यात होते. इथे आई दोषी कशी? ती तर वाट आहे.

तिसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्व. त्या गावांत दोनतृतीयांशाच्या आसपास बायकांमध्ये ते कमी होतं. वनस्पतींत ते नसतंच, दूध-अंडी-मांस-मासळीतूनच येतं. दूध डेअरीला जातं, अंडं आलं तर पुरुषाच्या आणि पोराच्या ताटात. त्या मुलांना सहाव्या वर्षी तपासलं तेव्हा इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी मुलं होती ती बी-१२ कमी आणि फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्वच) जास्त असलेल्या आयांची. म्हणूनच पुढे त्याच गटाने गोळ्या द्यायच्या त्या गरोदरपणात नव्हे, पौगंडावस्थेतच द्यायच्या असं ठरवून नवा प्रयोग सुरू केला, आणि त्यात मुलगेही घेतले. बाप आला बघा.

सेविका_ताई | मंगळवार, दुपारी २:४५

नमस्कार. मी अंगणवाडीत एकवीस वर्षं आहे. मुलीने हा धागा मोबाईलवर दाखवला, म्हणाली आई तू लिही. शुद्धलेखन तिनेच तपासलंय.

कॅलरीचं मला जास्त कळत नाही. पण मी जे बघते ते सांगते. गरोदर बाईला घरपोच आहाराचं पाकीट देतो. पुढच्या महिन्यात विचारते, खाल्लं का? हो म्हणते. मग घरी जाऊन बघते तर त्याच पिठाचं घरातल्या सगळ्यांना केलेलं असतं, एखाद्या घरी म्हशीला. तिचा दोष नाही. घरात चार पोरं असताना ती एकटी डबा उघडून खात बसेल का? म्हणून आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार सुरू झाला ते मला पटलं. तिथे बाईने अंगणवाडीत येऊन बसून ताजं जेवायचं. भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं. समोर बसली की तिच्याच पोटात जातं. माझी जाऊ त्या भागात आहे. ती सांगते, पहिले आठ दिवस बाया ताट पदराखाली झाकून घरी न्यायला बघायच्या.

दुसरी गोष्ट. अजूनही म्हाताऱ्या सांगतात, जास्त खाऊ नको, पोर मोठं होईल आणि बाळंतपण जड जाईल. पोटात जेवण भरलं तर लेकराला जागा कुठे राहणार? मी आधी चिडायचे. मग एका म्हातारीने मला विचारलं, "ताई, आमच्या टायमाला दवाखाना वीस मैल. पोर अडलं तर बाई जायची. मग बारकं पोर बरं का गेलेली आई बरी?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं गणित त्यांच्या काळाला बरोबर होतं. दवाखाना जवळ आला, गणित तसंच राहिलं.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. कोयता म्हणजे नवरा-बायको जोडीने. ती बसली तर अर्धा कोयता बसला, उचल फिटत नाही. आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहतात. त्या परत येतात तेव्हा मी लेकराच्या दंडाला पट्टी लावते. पट्टी लाल दाखवते. लाल म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. एवढुसा दंड, माझ्या दोन बोटांत मावतो. तेव्हा मला ते खाण आणि माती काही सुचत नाही. मी वजन करते, रजिस्टरला लिहिते आणि आशाताईला फोन लावते.

मीच_का | मंगळवार, दुपारी ४:००

ताई, तुमच्या प्रतिसादापुढे माझा शब्द नाही. मुलीला शाबासकी.

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:३०

पाचर मीच मारली होती, थोडी सैल करतो.

जनुकं की परिस्थिती यावर सर्वांत स्वच्छ उत्तर एकसारख्या जुळ्यांत मिळतं. डेन्मार्कमध्ये १९९७ साली अशा जोड्या घेतल्या की एकाला मधुमेह आणि दुसऱ्याला नाही. जनुकं शंभर टक्के तीच, आई तीच, महिने तेच. जन्माच्या वजनाच्या नोंदी काढल्या तर ज्याला मधुमेह झाला तो सरासरीने हलका जन्मला होता. एकाच पोटात, पण एकाला नाळेतून जरा कमी मिळालं. इथे बियाणं हा मुद्दाच बाद होतो.

तरीही जनुकं विसरू नका. सगळीच हलकी बाळं मधुमेही होत नाहीत. पण 'आनुवंशिक' असं कागदावर लिहून पुढच्याला हाक मारणं हे उत्तर नाही, एवढं मान्य. घरात पिढ्यान्‌पिढ्या जनुकं उतरतात तशी गरिबीही उतरते, विहिरीचं अंतरही उतरतं. वारशाच्या सात-बारावर काय काय चढलंय ते बघायला हवं.

घरटं | बुधवार, सकाळी ११:१०

थोडं विषयाला सोडून, पण मला हा धागा टोचतोय म्हणून लिहिते. आमची लेक दत्तक आहे, अकरा महिन्यांची असताना आली. प्रत्येक दवाखान्यात फॉर्मवर तो रकाना असतो: कुटुंबात कोणाला मधुमेह, रक्तदाब, दमा. मी 'माहीत नाही' लिहिते आणि समोरची व्यक्ती मान वर करते. ती आता नऊ वर्षांची आहे, तिला ती मान वर झालेली कळते.

मला सुरुवातीला वाटायचं, प्रेम दिलं की सगळं भरून निघतं. मग बुखारेस्टबद्दल वाचलं. रुमानियात चाउशेस्कुच्या राजवटीत, १९६६ नंतर गर्भपातावर बंदी होती. १९८९ ला राजवट पडली तेव्हा लाखाहून जास्त मुलं अनाथालयांत होती. खायला मिळायचं, कपडे मिळायचे, उचलून घेणारं कोणी नव्हतं. बाळं रडायचीसुद्धा नाहीत. रडून कोणी येत नाही हे शिकली होती. २००० साली १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निम्म्यांना सांभाळणाऱ्या घरांत दिलं, निम्मी तिथेच. घरी गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, जीव लावणं सगळं सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं जास्त. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बोटं मोजली. अकरा महिने.

प्रेमाचंही वेळापत्रक असतं हे मला आवडलं नाही, पण खरं असावं. ती सहा महिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवायची नाही, मान ताठ धरून बसायची. एक दिवस रिक्षात झोप लागली आणि टेकली. मी घर आलं तरी उतरले नाही. रिक्षावाल्याने मीटर बंद केलं आणि तोही बसून राहिला.

चहाटळ | बुधवार, सकाळी ११:३०

(काही नाही. नुसतं वाचल्याची पोच.)

पांढरा_कोट | बुधवार, रात्री ९:२५

धागाकर्त्यांना दोन व्यावहारिक गोष्टी, औषध इथे सांगणार नाही.

एक, वजन कमी करायच्या मागे लागू नका. तुमच्याकडे कमी करायला आहेत ते स्नायू. ते वाढवा. जोर-बैठका, वजनं, काहीही. साखर खर्च करणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक स्नायूच आहे आणि तुमच्याकडे ते दुकान जन्मापासून लहान आहे. कमरेला टेप लावा, पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

दोन, घरात लहान मूल असेल तर ते बारीक जन्मलं म्हणून त्याला तूप-साखर-बिस्किटांनी गुटगुटीत करू नका. पुण्यातच १९९९ मध्ये आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास छापून आला: सर्वांत जास्त धोका दिसला तो लहान जन्मून आठव्या वर्षी मोठ्या झालेल्या मुलांत. दिल्लीतही जन्मापासून मोजलेली मुलं तिशीला आली तेव्हा तेच दिसलं. ज्यांची साखर बिघडली ती दोन वर्षांपर्यंत हडकुळी होती आणि नंतर भराभर भरत गेली. बाराव्या वर्षी त्यातलं एकही मूल लठ्ठ म्हणावं असं नव्हतं, हे लक्षात घ्या. शेजारीण 'आता कसं बाळसं धरलंय' म्हणेल त्याच वाटेवर. पहिल्या दोन वर्षांत मात्र हात आखडू नका, आईचं दूध आणि सहा महिन्यांनंतर घरचं घट्ट वरचं जेवण.

माणदेशी_पोर | पुढचा सोमवार, रात्री १०:५०

मंडळी, शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. आईलाही घेऊन गेलो. रक्त तपासलं, आईचं बी-१२ बरंच कमी निघालं, माझंही. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिलीत. जोर काढतोय. सध्या चार होतात.

आजीला हळूच विचारलं बहात्तरचं. तिला वाटलं मी अनुदानासाठी विचारतोय. मग गाडी सुटली. गावाबाहेरचा पाझर तलाव आहे ना, तो त्यांनीच खणलेला. त्याच्या आधी चार महिने रस्त्यावर खडी. दगड मांडीत धरून फोडायचा, मांडीवर गोणपाट. मोजमाप घ्यायला कारकून यायचा तो फरा मोजताना हात आखडता घ्यायचा. पाणी टँकरचं, त्यासाठी रात्री उठून हंड्यांची रांग. आजीला सहावा महिना लागला तेव्हा मुकादमाने तिला घमेलं उचलायच्या कामावरून काढून खडीला बसवलं, "बसून काम हाय" म्हणून. ही त्याची मेहेरबानी. सुकडी मिळायची ती आजी पदरात बांधून घरी आणायची, थोरल्या मामासाठी. स्वतः काय खायचीस विचारलं तर म्हणाली, "मिलोची भाकर, आन् चटणी असली तर चटणी." भाजी? हसायलाच लागली. माझी आई शेजारी बसून ऐकत होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं. उठून आत गेली आणि उगाच भांडी लावत बसली.

मग मी आजीला ते बीजाचं समजावून सांगितलं, जमेल तसं. की तू खडी फोडत होतीस तेव्हा आई तुझ्या पोटात होती आणि मी आईच्या पोटात, बारक्या दाण्याएवढा पण नाही, तरी होतो. आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं हिला वाईट वाटलं.

म्हणाली, "म्हंजी आमी तिघं व्हतो व्हय रं कामावर? आन् त्या भाड्यानं मस्टरला एकच हजेरी लावली!"